पाच वर्ग आणि एक खाण

८ एप्रिल १९५१ च्या रविवारी रात्री इंग्लंडमध्ये जनगणना झाली. महायुद्धामुळे १९४१ ची जनगणना झालीच नव्हती. त्यामुळे तब्बल वीस वर्षांनी घरोघरचे पुरुष जनगणनेच्या कागदावर पुन्हा आपला धंदा लिहून देत होते. डरहॅम काउंटीच्या पूर्व किनाऱ्यावरील ईझिंग्टन कोलिअरी या गावी बहुतेक कागदांवर कोळशाच्या खाणीतलेच कुठले ना कुठले काम लिहिले गेले असणार. त्यानंतर सात आठवड्यांनी, २९ मेच्या पहाटे, याच खाणीत स्फोट झाला. ८१ खाणकामगार आणि बचावासाठी उतरलेले दोघे, असे ८३ जण मृत्युमुखी पडले.

जनगणनेच्या तक्त्यात हे पुरुष कोणत्या वर्गात मोडत होते, हा प्रश्न अशा वेळी अप्रस्तुत वाटेल. आम्हांला तो तसा वाटत नाही.

इंग्लंडमधील पुरुषांची धंद्यावरून वर्गवारी करण्याची पद्धत टी. एच. सी. स्टीव्हन्सन या सरकारी संख्याशास्त्रज्ञाने १९११ च्या जनगणनेच्या निमित्ताने घडवली. कोणत्या थरात अर्भके अधिक दगावतात, कोणत्या थरात मुले अधिक होतात, हे त्यांना पाहायचे होते. त्या पहिल्या आराखड्यात आठ वर्ग होते आणि खाणकामगारांचा त्यात स्वतंत्र वर्ग होता. १९२१ मध्ये आठाचे पाच झाले. वर डॉक्टर-वकिलांसारखे पेशे, तळाशी अकुशल मजूर, आणि मध्ये कौशल्याच्या पायऱ्या. खाणकामगारांचा वेगळा वर्ग मोडला आणि माणसे विभागली गेली. कोळसा फोडणारा कुशल म्हणून तिसऱ्या वर्गात गेला. भुयारातील त्याचे साहाय्यक त्याच्या खाली.

तक्ता म्हणून हे नीटनेटके आहे. पण डरहॅमच्या खाणीत माणसाचे आयुष्य कसे सरकत असे ते पाहावे. शाळा सुटलेला मुलगा बहुधा जमिनीवरच्या पट्ट्याशी उभा राहून कोळशातले दगड वेचत असे. मग तो भुयारात उतरे, डबे ढकले, आणि ऐन तारुण्यात कोळशाच्या भिंतीपाशी पोचे. पन्नाशीत छाती भरली किंवा हात-पाय जायबंदी झाला की हलक्या कामावर परते. कित्येकदा त्याच पट्ट्याशी, नातवाच्या वयाच्या पोरांशेजारी. एकच माणूस वर्ग चढून पुन्हा उतरलेला असे. तक्त्याला मात्र तो एका रात्रीपुरताच दिसतो. एका घरातले आजोबा, बाप आणि मुलगा तीन वेगळ्या रकान्यांत पडले, तरी जेवायला ते एकाच मेजाशी बसत.

कामगारांची आपसांतली व्यवस्थाही या पायऱ्यांशी जुळणारी नव्हती. डरहॅममध्ये दर तीन महिन्यांनी चिठ्ठ्या टाकून कोळसा फोडणाऱ्यांच्या जागा ठरत. कोणाला सुकर थर मिळे, कोणाला पाण्यात गुडघाभर उभे राहावे लागे. पण व्यवस्थापकाला मर्जीतल्या माणसाला चांगली जागा देता येत नसे. वेगवेगळ्या पाळ्यांत एकाच जागी राबणारे सोबती मजुरीही वाटून घेत. विषमता जाणवे ती अन्यत्र: गल्लीतलाच एखादा ‘डेप्युटी’ म्हणजे सुरक्षेवर देखरेख करणारा अधिकारी झाला की त्याची संघटना वेगळी होई.

आणि बायका? विवाहित स्त्रीचा वर्ग सर्वसाधारणपणे नवऱ्याच्या धंद्यावरून ठरवला जाई. नवरा एका पाळीत, दोन मुलगे दुसऱ्या दोन पाळ्यांत, म्हणजे चूल आणि गरम पाणी दिवसरात्र. या कामाला त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

१९५१ हेच साल आणखी एका वर्गवारीचे आहे. डरहॅमच्या काउंटी कौन्सिलने विकास आराखड्यात गावांनाच अ, ब, क, ड अशा श्रेणी लावल्या. शंभराहून अधिक गावे ‘ड’ ठरली: तेथील खाणी संपत आल्या आहेत, तेव्हा नवी गुंतवणूक नको, लोकांनी हळूहळू अन्यत्र जावे. १९१९ साली मजूर पक्षाने हीच कौन्सिल जिंकली, तेव्हा दहाव्या वर्षीच कामाला लागलेले खाणकामगार पीटर ली तिचे अध्यक्ष झाले होते. १९४८ मध्ये घोषित झालेल्या पीटरली या नव्या शहराला नाव मिळाले ते त्यांचेच. म्हणजे गावांवर ‘ड’ची मोहोर उमटवणारे परके नव्हते. हे धोरण पुढे सोडून देण्यात आले, परंतु आपले गाव ‘ड’ आहे हे ऐकून घेतलेल्या माणसांना ते विसरणे सोपे नसणार.

वर्गवारी निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. अर्भकमृत्यूंचे प्रमाण गरिबीशी कसे बांधलेले आहे, हे स्टीव्हन्सन यांच्या रकान्यांवाचून इतक्या स्पष्टपणे दिसले नसते. आमचे म्हणणे इतकेच, की रकाना हे प्रश्नाचे उत्तर असते, आणि तो प्रश्न कोणी, कशासाठी विचारला हे विसरून आपण त्याला माणसाचे वर्णन समजू लागतो.

ईझिंग्टनची खाण १९९३ मध्ये बंद झाली. १९५१ च्या जनगणनेचे मूळ कागद शंभर वर्षांच्या नियमाने २०५२ पर्यंत बंद आहेत. ते उघडतील तेव्हा त्या ८३ जणांपैकी अनेकांची नावे, धंद्यासह, जिवंत माणसांच्या यादीत सापडतील.