पाच वाजेपर्यंत

उरलेले तास: 4,378

सोमवार, 1 जून 2009. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ वाजत आलेत, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. जनरल मोटर्स (जीएम) मॅनहॅटनच्या दिवाळखोरी न्यायालयात अर्ज दाखल करते. अर्जातले आकडे असे: मालमत्ता 82 अब्ज डॉलर, देणी 172 अब्ज. पुण्याजवळच्या तळेगावात याच कंपनीचा कारखाना सुरू होऊन जेमतेम नऊ महिने झालेत. भारतातली कंपनी या अर्जाच्या बाहेर आहे, त्यामुळे आपल्याकडे ही परदेशातली बातमी म्हणूनच वाचली जाते.

वर दिलेले तास 30 नोव्हेंबर 2009, संध्याकाळी पाच या क्षणापर्यंतचे आहेत. दिवसांचे तास करून आकडा जुळत नाही असं कुणाला वाटलं, तर त्या वर्षी 1 नोव्हेंबरला अमेरिकेत घड्याळं एक तास मागे घेतली, तो तास धरलेला आहे. अर्ज आला त्या सकाळी ही मुदत ठरलेलीसुद्धा नव्हती. पण काटा तेव्हाच फिरायला लागला होता.

उरलेले तास: 3,550 च्या आसपास

रविवार, 5 जुलै, रात्र. तीन दिवसांची सुनावणी आणि साडेआठशेच्या आसपास हरकती यांचा निकाल न्यायाधीश रॉबर्ट गर्बर देतात. विक्री मंजूर. कंपनीतलं चांगलं ते सगळं, म्हणजे कारखाने, ब्रँड, डीलर, एका नव्या कंपनीकडे जाणार. त्या कंपनीचा मोठा मालक अमेरिकी सरकार. जुन्या कंपनीकडे राहणार नकोसं झालेलं सामान आणि धनको.

आदेशातला कळीचा मुद्दा आपल्याकडच्या जमीन व्यवहार करणाऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. मालमत्ता बोजारहित विकली. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत जे काही लिहिलेलं होतं, ते खरेदीदाराच्या उताऱ्यावर येणार नाही. विक्रीनंतर होणाऱ्या अपघातांची जबाबदारी नव्या कंपनीने घेतली, तीही राज्यांच्या महाधिवक्त्यांनी जोर लावल्यावर. आधीचे अपघात आणि आधीची फसवणूक जुनीच्या माथी.

फरक फक्त इतका, की जमिनीचा बोजा उताऱ्यावर दिसतो. इथला बोजा, म्हणजे गाड्यांतला एक दोष, जुन्या कंपनीतल्या किमान 24 जणांच्या डोक्यात आणि फायलींत होता.

उरलेले तास: 3,462

गुरुवार, 9 जुलै, दुपारी बारा. विक्रीवरची तात्पुरती स्थगिती संपते. अपिलात ती वाढवून मागितलेली असते, वरचं न्यायालय नकार देतं. दुसऱ्या दिवशी व्यवहार पुरा होतो. चाळीस दिवसांत जगातली एक अवाढव्य कंपनी दोन झाली. नवीने नाव घेतलं, जुनीला मिळालं ‘मोटर्स लिक्विडेशन कंपनी’. एवढ्या घाईला कारणंही होती. रोज पैसा जळत होता आणि लाखो नोकऱ्या टांगणीला लागल्या होत्या. मी त्या न्यायाधीशांना दोष देणार नाही. त्यांच्यासमोर जे आलं, त्यावर त्यांनी निकाल दिला.

उरलेले तास: 1,800 च्या आसपास

16 सप्टेंबर. जुन्या कंपनीवर कुणाचं काही येणं असेल तर दावा कधीपर्यंत लावायचा, हे न्यायालय ठरवून देतं: 30 नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. टपालाचा शिक्का चालणार नाही, कागद प्रत्यक्ष पोचलेला हवा. ज्यांची येणी कंपनीला माहीत आहेत त्यांना घरी पत्र. बाकीच्यांसाठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना.

रस्त्यावर तेव्हा जुन्या जीएमच्या सुमारे 7 कोटी गाड्या होत्या. त्या सगळ्यांच्या मालकांना पत्र पाठवा असं कुणीच म्हणत नव्हतं. प्रश्न त्यांतल्या दोष असलेल्या काही लाखांचा होता.

उरलेले तास: 100

गुरुवार, 26 नोव्हेंबर, दुपारी एक. थँक्सगिव्हिंग. अमेरिकेतली सगळ्यात मोठी कौटुंबिक सुट्टी. टर्की ओव्हनमध्ये, माणसं रस्त्यावर. त्या गर्दीत शेव्हरोले कोबाल्ट आहेत, सॅटर्न आयन आहेत. स्टिअरिंगखाली चावी लटकते, चावीला जुडगा, जुडग्याला घरची किल्ली, ऑफिसची किल्ली, एखादं खेळणं.

चावी ज्यात फिरते त्या कुलपामागे जो स्विच असतो, त्यात एक खटका असतो आणि खटक्यामागे बॉलपेनात असते तेवढी स्प्रिंग. चावी ‘चालू’वर टिकून राहते ती या स्प्रिंगच्या जोरावर. जीएमच्या स्वतःच्या मापात हा जोर किमान 15 न्यूटन-सेंटीमीटर हवा होता. डेल्फाय कंपनीचा स्विच त्याच्या बराच खाली भरला, तरी 2002 साली अभियंता रे डिजॉर्जियो यांनी तो मंजूर केला. त्याच स्विचला त्यांनी एका ईमेलमध्ये ‘नरकातला स्विच’ म्हटलं होतं.

मग व्हायचं काय? गुडघा लागला, खड्ड्यात चाक आपटलं, की चावी एक घर मागे सरके. इंजिन बंद, स्टिअरिंग जड. आणि एअरबॅगला वाटे, गाडी उभी आहे. धडक बसली तरी ती उघडत नसे.

2006 च्या एप्रिलमध्ये याच अभियंत्याने लांब खटक्याचा सुधारित स्विच मंजूर केला. पार्टचा क्रमांक मात्र बदलला नाही. आपल्याकडे गॅरेजमधला पोरगासुद्धा नवा पार्ट आला की पहिल्यांदा नंबर बघतो. इथे जुना आणि नवा एकाच नंबराखाली, एकाच खोक्यात. पुढे अपघात तपासणाऱ्यांना कळेना, नंतरच्या गाड्या ठीक कशा आणि आधीच्या घातक का.

टेक्ससमधली एक तरुणी त्या सुट्टीत काय करत होती, ते माहीत असायचं कारण नाही. 2004 साली तिच्या सॅटर्न आयनच्या अपघातात शेजारी बसलेला तिचा होणारा नवरा गेला. गुन्हा तिच्यावर लागला आणि तिने तो कबूल केला. आपणच त्याला मारलं असं समजून ती जगत होती. जी बाई स्वतःलाच आरोपी मानते, ती कंपनीवर दावा कशी लावणार?

उरलेले तास: 8

सोमवार, 30 नोव्हेंबर, सकाळी नऊ. सुट्टीनंतरचा पहिला कामाचा दिवस. बँका, पुरवठादार, रोखेधारक, इतर अपघातांतले जखमी, अशा सत्तर हजारांच्या आसपास दाव्यांचे कागद शेवटी गोळा झाले. त्यांच्याकडे वकील होते, निदान आपलं काही येणं आहे याची जाणीव तरी होती.

उरलेले तास: 0

पाच वाजले. आपल्याकडे 1 डिसेंबरची पहाट, साडेतीन. स्फोट झाला नाही, भोंगा वाजला नाही. न्यूयॉर्कच्या त्या संध्याकाळी लाखो माणसांचा हक्क बुडाला आणि त्यांतली बहुतेक घरी जायला गाडीला चावी लावत होती.

पाचनंतर

मार्च 2010 मध्ये जॉर्जियात एक परिचारिका कोबाल्टच्या अपघातात गेली. तिच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञाने जुना स्विच उघडला, दुकानातून त्याच नंबरचा नवा आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. खटक्यांची लांबी वेगळी निघाली. जे कंपनीच्या समित्यांना वर्षानुवर्षं सापडलं नाही, ते एका टेबलावर सापडलं.

31 मार्च 2011 ला जुन्या कंपनीचं उरलंसुरलं धनकोंच्या ट्रस्टकडे गेलं. वाटायला होते नव्या जीएमचे शेअर आणि वॉरंट.

7 फेब्रुवारी 2014. कंपनीने 6 लाख 19 हजार गाड्या परत मागवल्या. महिनाअखेर आकडा दुपटीच्या पुढे, मार्चअखेर जगभरात 26 लाख. 7 फेब्रुवारीला मुदत उलटून सुमारे 36,700 तास झाले होते.

गाड्यांचे मालक ट्रस्टच्या दारात गेले. उत्तर: पाच वाजून गेले. नव्या कंपनीच्या दारात गेले. उत्तर: बोजारहित खरेदी. एप्रिल 2015 मध्ये न्यायाधीश गर्बर यांनीच मान्य केलं, की जुन्या कंपनीतल्या किमान 24 अभियंते, व्यवस्थापक आणि वकिलांना दोष माहीत होता, म्हणून या मालकांना पत्र जायला हवं होतं. तरीही ट्रस्टचे पैसे वाटले गेलेत, ते परत घेता येणार नाहीत. चूक झाली खरी, पण भरपाई नाही. जुलै 2016 मध्ये अपील न्यायालयाने ट्रस्टला मिळालेलं हे कवच काढून घेतलं.

मग आला शेअरचा खेळ. धनकोंचे मंजूर दावे 35 अब्ज डॉलरच्या वर गेले, तर नव्या जीएमने ट्रस्टला जादा शेअर द्यायचे, जास्तीत जास्त 3 कोटी, अशी तरतूद 2009 च्या करारात होती. ऑगस्ट 2017 मध्ये ट्रस्ट आणि मालक यांच्यात समझोता तयार झाला: ट्रस्टने दीड कोटी डॉलर द्यायचे, दाव्यांचा आकडा फुगू द्यायचा आणि भार नव्या कंपनीवर जाऊ द्यायचा. सहीच्या तोंडावर ट्रस्टने पाठ फिरवली आणि जीएमशी हातमिळवणी केली. न्यायाधीश मार्टिन ग्लेन यांनी जानेवारी 2018 मध्ये सांगितलं, सही नाही तर करार नाही. काही महिन्यांत ट्रस्टने पुन्हा बाजू बदलली. कोर्टकचेऱ्या करणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

टेक्ससच्या त्या तरुणीची शिक्षा न्यायालयाने नोव्हेंबर 2014 मध्ये पुसून टाकली. मृत आणि जखमींसाठी नव्या जीएमने वेगळा निधी काढला. त्याने 124 मृत्यू मान्य केले.

गाडीची किंमत पडली म्हणून आलेल्या दाव्यांची तडजोड न्यायाधीश जेसी फर्मन यांनी 18 डिसेंबर 2020 ला मंजूर केली. एकूण 12 कोटी डॉलर: 7 कोटी नव्या कंपनीचे, 5 कोटी ट्रस्टचे. मुदत संपून त्या दिवशी 11 वर्षं आणि 18 दिवस झाले होते.