वत्सगुल्म आणि द्राक्षमद्य



आजचा विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एकदोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि त्यात त्यांची चूक नाही. वाशीमसारख्या बालाजीच्या गावी, उन्हाळ्याच्या संध्याकाळी, मुलाबाळांसह आलेल्या मंडळींपुढे मद्याचा इतिहास सांगायचा म्हणजे धाडसच. पण मी मद्याची भलावण करायला उभा नाही आणि त्याच्या निषेधाचे कीर्तन करायलाही नाही. या गावच्या इतिहासातले एक पान मद्याने भिजलेले आहे. ते आपल्यापुढे उघडावे एवढाच माझा हेतू.

या विषयाकडे माझे लक्ष गेले ते असे. गेल्या माघात भाच्याकडे नाशिकला गेलो होतो. शनिवार-रविवारची सुट्टी होती. भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही घेत नाही हे ठाऊक आहे, पण बघायला काय हरकत आहे?” म्हणून गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका द्राक्षमळ्यावर गेलो. पुण्यामुंबईची माणसे मोटारी भरभरून आली होती. लांब फळीपुढे सगळ्यांना उभे केले आणि एका तरुणाने प्रत्येकापुढे पेले मांडले. पेल्यात घोटभरच वाइन. आधी पांढरी, मग तांबडी. आधी हलकी, मग जड. त्याचा विधी असा, की पेला उजेडात धरून रंग पाहायचा, हलकेच फिरवायचा, नाकाशी नेऊन वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा. आणि खरा पारखी असेल तर तो घोट गिळायचाही नाही, शेजारच्या भांड्यात थुंकायचा! मला हे पाहून हसू आले. आपल्याकडे जवाहिऱ्याने हिरा पारखावा, वैद्याने नाडी पाहावी, तशी ही मंडळी द्राक्षाची परीक्षा करत होती. मी नुसता वास घेतला आणि पेला भाच्याकडे सरकवला.

तो तरुण समजावून सांगत होता, की युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षातून एकदा फळतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून शेतकरी त्याला दोनदा छाटतो. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि थंडीच्या रात्रींत घड पिकून माघ-फाल्गुनात तोडणी. हे ज्ञान नाशिकच्या बागाइतदाराने खाण्याच्या द्राक्षावर कमावलेले. मद्याचा धंदा त्यावर अलीकडे उभा राहिला. १९८० नंतरच्या दशकात नारायणगावला फसफसणारी वाइन होऊ लागली, १९९९-२००० च्या सुमारास नाशिकला सुला उभी राहिली, आणि २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण ठरवून विंचूर व पलूस येथे त्यासाठी जागा राखल्या.

परदेशांत ही प्रथा याहून जुनी आहे. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या. ज्या खंडात मूळचा द्राक्षवेल नाही, तेथे १७८८ साली सिडनीला उतरलेल्या पहिल्या इंग्रजी ताफ्याने वेलाची कलमे बरोबर नेली. १८३१ साली जेम्स बझ्बी नावाचा गृहस्थ स्पेन व फ्रान्समध्ये हिंडला आणि शेकडो जातींची कलमे गोळा करून त्याने ती ऑस्ट्रेलियाला पोचवली. १८४२ पासून धर्मछळाने देश सोडलेले जर्मन शेतकरी बरोसाच्या खोऱ्यात वसले आणि त्यांनी शिराझचे मळे लावले. पुढे युरोपातल्या मळ्यांचा एका मुळावरच्या किडीने सत्यानाश केला. पण ती कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरलीच नाही, आणि त्या पहिल्या काळातले काही वेल आजही तेथे फळ देतात. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसे मळ्यामळ्यांतून फिरत घोटघोट चाखतात, हा तेथला शिष्टाचार झाला आहे. नाशिकने तोच उचलला.

आता तुम्ही म्हणाल, नाशिक कुठे, बरोसा कुठे, आणि आमची कापूस-तुरीची आणि सोयाबीनची वाशीम कुठे! तर ऐका.

द्राक्षमद्य आपल्या देशाला नवे नाही, आणि त्याची पारखही नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे एक प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे सहा प्रकार दिले आहेत. त्यांपैकी मधु म्हणजे द्राक्षाचा रस. आणि त्याची नावे ज्या प्रदेशातून तो येई त्यावरून पडलेली, कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेचा प्रदेश. गावाच्या नावाने मद्य ओळखण्याची जी रीत फ्रेंच लोक आपली म्हणून मिरवतात, ती आपल्या ग्रंथात अशी नोंदलेली आहे. त्याच प्रकरणात पानगृहात अनेक दालने असावीत, फुले, सुगंध व पाणी असावे, आणि कोण ऐपतीबाहेर खर्च करतो यावर हेरांची नजर असावी, असेही सांगितले आहे. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक. म्हणजे अबकारी खाते, परवाना आणि पोलीस, तिन्ही आले!

पुढे रोमन व्यापाराच्या काळात पेरिप्लस नावाच्या ग्रीक नाविकग्रंथात भडोचच्या बंदरी उतरणाऱ्या मालात द्राक्षमद्याला पहिले स्थान दिले आहे. इटलीचे सर्वांत मागणीचे, त्याखालोखाल लाओदिकेया व अरबस्तानचे. आणि राजासाठी वेगळे, उंची. त्याच ग्रंथात पैठण भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. ही निव्वळ पुस्तकी गोष्ट नव्हे. नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत रोमन घडणीची काशाची सुरई मिळाली.

आता आपल्या वत्सगुल्माकडे येऊ. १९३९ साली या गावी एक ताम्रपट सापडला. विंध्यशक्ती दुसरा या राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षातला तो. निम्मा संस्कृतात, निम्मा प्राकृतात. तोवर वाकाटकांची एक शाखा वाशीमला राज्य करत होती हे इतिहासाला माहीतच नव्हते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो वाचला आणि एका विसरलेल्या राजधानीला तिचे नाव परत मिळाले. सर्वसेनापासून सुरू झालेल्या या घराण्याचा शेवटचा थोर राजा हरिषेण, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ वे लेणे कोरविले. त्यातल्या शिलालेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र असे प्रदेश हरिषेणाच्या प्रभावाखाली मोजले आहेत. अजिंठ्याची उत्तम चित्रे याच काळची. म्हणजे ती पाहायला आपण परक्याच्या घरी जात नाही, वाशीमकराच्या घरी जातो.

आणि त्या चित्रांत मद्य आहे. पहिल्या लेण्याच्या छतावर दाढीवाला, टोपी घातलेला परदेशी गृहस्थ हातात पेला घेऊन बसला आहे, शेजारी दासी सुरई घेऊन उभी आहे. १८७९ साली फर्ग्युसनने त्याला इराणचा बादशहा दुसरा खुस्रू ठरविले आणि चित्र चालुक्य पुलकेशीच्या काळात ओढले. आज अनेक अभ्यासक हे लेणे हरिषेणाच्याच काळातले मानतात. तो बादशहा असो वा व्यापारी, पेला हातात असलेला माणूस दाखवायचा तर तो इराणी वेषात दाखवावा असे चित्रकाराला वाटले, ही गोष्ट लक्षात ठेवा. कालिदासानेही रघूच्या सैनिकांना पारसिकांच्या विजयानंतर द्राक्षमळ्यांत बसवूनच मद्य पाजले आहे. मात्र सुरापान वर्ज्य करणाऱ्या भिक्षूंच्या विहाराच्या छतावर हे चित्र यावे, यावरून राजदरबाराची रुची कुठवर पोचली होती ते दिसते.

याच नगरीबद्दल राजशेखराने काव्यमीमांसेत लिहिले आहे, की काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लागले ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, कामदेवाच्या क्रीडास्थानी. ज्या गावी काव्याचे लग्न लागते तिथे मेजवानीही थाटाचीच असणार!

पण या थाटाचा शेवट कसा झाला? तो सांगितला आहे दंडीने. दशकुमारचरिताच्या शेवटच्या उच्छ्वासात विदर्भाच्या राजाची कथा आहे. पुण्यवर्मा नावाचा धर्मशील राजा मरतो. त्याचा मुलगा अनंतवर्मा हुशार, कलाप्रिय, पण दंडनीतीचा कंटाळा करणारा. वसुरक्षित हा म्हातारा मंत्री परोपरीने उपदेश करतो. विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या त्या उपदेशाची थट्टा करतो. मग शेजारच्या अश्मकाचा राजा वसंतभानू आपल्या मंत्र्याच्या मुलाला, चंद्रपालिताला, विदर्भात धाडतो. तो राजाला सांगतो, की शिकार, द्यूत, स्त्रिया आणि मद्यपान ही व्यसने म्हणून बदनाम आहेत खरी, पण त्यांचे फायदे पाहा. मद्याने चिंता विसरते, दुसऱ्याचे अपराध मनातून जातात, माणूस मोकळे बोलतो आणि विश्वास वाढतो! राजाला हे शास्त्रापेक्षा गोड लागले. राजाने केले ते सरदारांनी केले, सरदारांनी केले ते प्रजेने केले. वसूल घटला, खर्च वाढला. मग वसंतभानूने वनवासीच्या राजाला चिथावले, विदर्भाचे मांडलिक फोडले, आणि अनंतवर्मा रणात पडला. राणी वसुंधरा दोन लेकरांना घेऊन माहिष्मतीकडे पळाली.

मिराशींनी असे मत मांडले, की या कथेत हरिषेणानंतरच्या वाकाटकांच्या नाशाची आठवण जपली आहे. दंडीचे पूर्वज अचलपुरास राहत असत असे सांगितले जाते. तेव्हा विदर्भाची ही गोष्ट घरात ऐकलेली असणे शक्य आहे. कथा ती कथा. तिच्यातली नावे ताम्रपटात शोधू नयेत. पण अजिंठा काय सांगतो ते पाहा. हरिषेणानंतर वत्सगुल्माच्या घराण्याचा आवाज एकाएकी बंद होतो, आणि २४ व्या लेण्यासारखे भव्य काम अर्धवट खोदलेले तसेच राहते. जिथे छिन्नी थांबली ती जागा आजही दिसते. पैसा देणारे गेले, कारागीर पांगले.

मग वाकाटकांचे राज्य दारूने बुडाले असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही, आणि दंडीलाही वाटत नव्हते. त्याच्या कथेत मद्य हे शत्रूच्या हातातले साधन आहे. राज्य बुडाले ते मंत्र्याचा कडू सल्ला नको झाला त्या दिवशी. कौटिल्याच्या राज्यातही पानगृहे होती. पण कोणी किती प्यावे, कोण कशावर खर्च करतो, याचा हिशेब ठेवणारा सुराध्यक्ष होता. वत्सगुल्माच्या दरबारात हिशेब ठेवणाराच पेला घेऊन बसला.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला, १९४९ साली मुंबई प्रांताचा झाला. वर्धा आणि गडचिरोली या विदर्भाच्या जिल्ह्यांत बंदी आली, चंद्रपूरला २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा राज्यभर वाद पेटला. एक बाजू म्हणाली, वाइन म्हणजे दारू नव्हेच, तो शेतमाल आहे. दुसरी म्हणाली, घराघरांत दारू शिरेल.

पहिल्या बाजूला कौटिल्याचे उत्तर देता येईल. त्याने द्राक्षाचा मधु आणि तांदळाची सुरा एकाच प्रकरणात, एकाच अधिकाऱ्याखाली ठेवली. द्राक्षबागाइतदाराला भाव मिळावा हे अगदी रास्त. पण साधारण बारा-तेरा टक्के मद्यार्क असलेल्या पेयाला शेतमाल म्हटल्याने ते मनुके होत नाही. दुसऱ्या बाजूला म्हणावेसे वाटते, की नुसत्या बंदीने मद्य नाहीसे झाल्याचे इतिहास सांगत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत हातभट्टीने कोणाची घरे बसविली हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्या घरातल्या बाईला वाइनचे धोरण विचारून उपयोग नाही. तिला आठवड्याच्या मजुरीचा हिशेब हवा आहे.

नाशिकच्या त्या मळ्यावर परतताना मी भाच्याला विचारले, “तो पारखी घोट थुंकतो, ते का रे?” तो म्हणाला, “मामा, गिळला तर पुढच्या पेल्याची चव कशी कळणार? डोके ठिकाणावर राहायला नको का?” मला एकदम अनंतवर्मा आठवला. त्याच्याजवळ रसिकता होती, चव होती, काव्यपुरुषाचे लग्न लागलेली नगरी होती. डोके ठिकाणावर ठेवा, एवढेच वसुरक्षित त्याला विनवत राहिला.

अजिंठ्याला जाल तेव्हा पहिल्या लेण्याच्या छतावरचा तो पेला अवश्य पाहा. पण तेवढ्यावर परतू नका. २४ व्या लेण्यापर्यंत चालत जा आणि अर्ध्यात थांबलेल्या त्या खांबांवरून हात फिरवा. आपल्या गावच्या इतिहासाचे ते शेवटचे पान आहे.