फाशांतील बळ

१९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतातल्या लेक जिनीव्हा या गावाहून गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ प्रसिद्ध झाला, तेव्हा पात्राचे बळ तीन फाशांच्या बेरजेवर, म्हणजे ३ ते १८ या मर्यादेत, ठरविण्याची तजवीज त्यात होती. आणि १८ चे दान सरासरीने २१६ खेपांत एकदाच पडत असल्यामुळे, असामान्य माणूस समाजात विरळाच असतो, हे सत्य गणितानेच सांभाळले गेले. परंतु त्या आकड्याला वजनाचे माप नव्हते. डोक्यावर किती भार पेलेल याचा तपशीलवार तक्ता १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत आढळतो: बळ १० असलेले पात्र ११५ पौंड उचलील, १८ चे २५५, आणि केवळ योद्ध्यांसाठी राखलेल्या, १८ च्याही वरच्या परमावधीचे ४८०. हा शेवटचा आकडा मला फार मोलाचा वाटतो. कारण १९७२ साली सोव्हिएत भारोत्तोलक वसिली अलेक्सेयेव्ह याने ‘प्रेस’ प्रकारात २३६.५ किलो, म्हणजे सुमारे ५२१ पौंड, डोक्यावर उचलून दाखविले होते, आणि कल्पनेतला महावीर हाडामांसाच्या माणसाच्या मागेच राहिला होता. खेळात बळाप्रमाणेच आकड्याने मोजल्या जाणाऱ्या चपळतेला मात्र असे एकच माप लाभत नाही. तोल सांभाळणे, नेम धरणे, वार चुकविणे ही भिन्न कौशल्ये एकाच आकड्यात कोंबली गेली, आणि तो अन्याय पुढील आवृत्त्यांतही कायम राहिला.