एका गावाची ६३ वर्षे

घराण्याचा इतिहास म्हणजे मूळ पुरुषापासूनची वंशावळ, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. वंशावळ अवश्य असावी; परंतु तीत नावे असतात, माणसे नसतात. माणसांसह इतिहास कसा सांगावा, याचा एक नमुना ‘हाइमाट’ या जर्मन चित्रपटात आढळतो. आपण ‘मूळ गाव’ म्हणतो तेव्हा मनात जो जिव्हाळा दाटतो, तोच या जर्मन शब्दात आहे.

दिग्दर्शक एडगार राइट्झ यांचा जन्म १९३२ साली पश्चिम जर्मनीतील हुन्सरूक या डोंगराळ प्रदेशात झाला. अकरा भागांचा व पंधरा तासांहून अधिक लांबीचा हा चित्रपट १९८४ साली प्रदर्शित झाला. त्यातील शाबाख हे गाव कल्पित असले, तरी चित्रण त्याच मुलखातील खऱ्या खेड्यांत झाले आहे.

कथा १९१९ साली सुरू होते. लोहाराचा मुलगा पाउल महायुद्धाहून पायी घरी परततो. मारियाशी त्याचा विवाह होतो, मुले होतात. आणि १९२८ साली तो कोणास न सांगता अमेरिकेस निघून जातो. मारिया मात्र तेथेच राहते. रेडिओ येतो, हमरस्ता होतो, हिटलरची राजवट येते, दुसरे महायुद्ध होऊन जाते. १९८२ साली मारियाच्या निधनापर्यंत हे सारे आपण त्या एका घराच्या उंबरठ्यावरून पाहतो. गावातला ग्लासिश जुनी छायाचित्रे पुढे मांडून मागील हकीकत सांगतो, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण व्हावी.

या कृतीचे मोल तिच्या स्पष्टपणात आहे. मारियाचा भाऊ नाझी होतो आणि शत्रूच्या वैमानिकास ठार मारतो, हे राइट्झ लपवीत नाहीत. फ्रेंच सैनिकापासून मूल झालेल्या अपोलोनियेस गाव कसे वाळीत टाकते, हेही ते दाखवितात. तरीही ज्यूंच्या संहाराविषयी हा चित्रपट जवळजवळ मौनच पाळतो, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला, व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. गाव जे आठवत नाही, ते गावाच्या कथेतून गळून पडते. आणि ज्यांच्यावर अन्याय झाला, तेच नेमके त्यात गळतात.

म्हणून आपल्या ज्ञातिबांधवांस एकच विनंती आहे. घराण्याचा वृत्तांत लिहिताना केवळ मानकरी व पदवीधर यांची नावे नोंदवू नयेत. जो घर सोडून गेला, जिला सासरमाहेर दोन्ही अंतरले, ज्या शेजाऱ्यास आपल्या वडिलांनी दुखविले, त्यांचीही नोंद करावी. वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे. जुन्या छायाचित्रामागे नाव, गाव व साल लिहून ठेवावे. असे न केल्यास पुढील पिढीच्या हाती नुसते चेहरे राहतील, आणि त्यांचे नाव विचारावयास कोणी उरणार नाही.