पुंजगोलाणू, प्रतिजैविकरोधी (एमआरएसए)

‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ या जंतूचा मेथिसिलिन गटातील औषधांना न जुमानणारा प्रकार. गळू, केसतोड, चिघळलेली जखम, शस्त्रक्रियेनंतर टाक्यांत धरलेला पू यांत तो सापडतो. रक्तात उतरला तर हाडे, फुप्फुसे, हृदयाच्या झडपा यांनाही सोडत नाही.

पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या याच जंतूसाठी १९५९ मध्ये मेथिसिलिन आले. १९६१ मध्ये ब्रिटनमधून त्यालाही पुरून उरणाऱ्या जंतूची नोंद झाली. ‘मेक-ए’ या जनुकामुळे हा जंतू आपली भिंत वेगळ्याच प्रथिनाने बांधतो आणि औषध त्या प्रथिनाला नीट चिकटत नाही. क्लॉक्सासिलिन, सेफॅलेक्सिन, ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट सगळीच एकदम निकामी होतात ती यामुळे. भारतातील १५ मोठ्या रुग्णालयांच्या २००८-०९ च्या पाहणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या सुमारे ४१ टक्के नमुन्यांत हा रोध आढळला होता.

साधारण तिघांपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात साधा स्टॅफिलोकॉकस असतोच, आणि तो काही त्रास देत नाही. त्याला हवी असते वाट. खानदेशात ती शेतातच मिळते: कापूस वेचताना बोंडाच्या वाळल्या कडांनी ओरखडलेली बोटे, रावेर-यावलच्या बागांत केळी कापताना लागलेला विळा. त्यात मधुमेह असला तर पायाची साधी जखमही भरत नाही. दुभत्या जनावरांच्या कासदाहामागे, म्हणजे दगडीमागेही, बऱ्याचदा स्टॅफिलोकॉकसच असतो. धार काढण्याआधी आणि नंतर हात धुणे त्यासाठीच.

निदान डोळ्यांनी होत नाही. पुवाचा नमुना प्रयोगशाळेत वाढवतात, वाढलेले जंतू दुसऱ्या बशीवर पसरून त्यावर सेफॉक्सिटिनची चकती ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे स्वच्छ वर्तुळ मोजायचे: २१ मिलिमीटर किंवा कमी भरले, तर एमआरएसए. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हींकडे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहेत.

उपचारात पहिला मान चाकूचा. पू धरलेले गळू डॉक्टरांनी चिरून निचरा केला, की छोट्या गळवाला पुष्कळदा एवढेच पुरते. औषध लागलेच तर अहवाल पाहून को-ट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन. आजार गंभीर असल्यास शिरेतून व्हँकोमायसिन, किंवा लिनेझोलिड. घरी गळू पिळणे धोक्याचे, नाकाजवळचे आणि वरच्या ओठावरचे तर विशेष. ताप, झपाट्याने पसरणारी लाली, तान्हे बाळ किंवा मधुमेही रुग्ण असेल तर थांबू नये. जखम झाकलेली असावी, टॉवेल आणि वस्तरा ज्याचा त्याचा वेगळा.

मेडिकलच्या काउंटरवरून ‘जरा स्ट्राँग गोळी’ मागण्याची सवय मात्र निव्वळ घातक. सेफिक्झिमचे नाव नवे वाटते, पण साध्या स्टॅफिलोकॉकसवरही ते कुचकामी आहे. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत ते आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षे जपावी लागते. गळू चिरताना पू तपासणीला पाठवायला डॉक्टरांना सांगावे, आणि आलेला अहवाल पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवावा.