फ्रॅटी, ब्रायनी आणि ब्राइट लायटर : अँडरसन खोऱ्यातील द्राक्षमद्याच्या इतिहासाचे एक शाब्दिक साधन

शब्द हे इतिहासाचे साधन होय, ही गोष्ट मराठी अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ग्रामनामे, आडनावे आणि धातू यांच्या आधारे जी अनुमाने बांधली, त्यांपैकी कित्येक पुढील संशोधनात टिकली नाहीत. परंतु कागद जेथे मुका असतो तेथे शब्दाला बोलते करता येते, हा त्यांचा आग्रह टिकला. प्रस्तुत निबंधात या पद्धतीची कसोटी एका दूरच्या आणि अगदी लहानशा प्रदेशावर लावून पाहावयाची आहे. हा प्रदेश म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मेंडोसिनो काउंटीतील अँडरसन खोरे होय.

सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस सुमारे ११५ मैलांवर बूनव्हिल हे गाव आहे. क्लोव्हरडेल येथे हमरस्ता सोडून १२८ क्रमांकाच्या वळणावळणाच्या रस्त्याने डोंगर ओलांडला की ते लागते. पुढे फिलो, मग नव्हारो आणि त्यानंतर रेडवुड वृक्षांच्या गर्द छायेतून नदीच्या काठाकाठाने जात हाच रस्ता पॅसिफिक महासागराला भिडतो. नव्हारो नदीने डोंगरात पाडलेल्या या वाटेने समुद्रावरील धुके रात्री खोऱ्यात शिरते व सकाळी उशिरा ओसरते. दिवसाची ऊब आणि रात्रीचा गारठा यांतील हे मोठे अंतर द्राक्षातील आम्लता टिकवून धरते. पीनो न्वार व गेवुर्झट्रामिनर या थंड हवेच्या जाती येथे साधल्या त्या यामुळेच. आज सान फ्रान्सिस्कोहून येणारा प्रवासी दोन-तीन दिवसांचा बेत आखतो. दुपारी रस्त्यालगतच्या मद्यशालांत थांबून घोट घोट चाखावयाचे, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर मेंडोसिनो किंवा लिटल रिव्हर येथील एखाद्या जुन्या लाकडी घरात, शेकोटीच्या खोलीत मुक्काम करावयाचा, असा हा क्रम असतो. या प्रवाशाच्या हाती पडणाऱ्या माहितीपत्रकांत खोऱ्याचा इतिहासही बहुधा दिलेला असतो. आपला प्रश्न त्या इतिहासाच्या आरंभबिंदूविषयीचा आहे.

रूढ कालक्रम असा. वॉल्टर अँडरसन याचे कुटुंब १८५१ च्या सुमारास येथे स्थायिक झाले. त्यानंतर शंभर वर्षे मेंढ्या, सफरचंदे, हॉप्स आणि रेडवुडचे लाकूड यांवर खोरे जगले. १९६४ मध्ये डॉ. डोनाल्ड एडमीड्स यांनी द्राक्षाची लागवड केली. १९७१ मध्ये हश यांची मद्यशाला स्थापन झाली, १९७४ मध्ये नव्हारो व्हिनयार्ड्सने लागवड सुरू केली, १९८२ मध्ये शांपेन प्रांतातील लुई रोडरर या फ्रेंच घराण्याने येथे पाऊल टाकले, आणि १९८३ मध्ये संघराज्य शासनाने अँडरसन खोऱ्याला द्राक्षमद्याचा स्वतंत्र प्रदेश म्हणून मान्यता दिली. हा क्रम खोटा नाही. तो परवान्यांचा आणि अधिसूचनांचा क्रम आहे, एवढेच. मद्य हा पदार्थ परवान्याच्या आधी अस्तित्वात असू शकतो, ही गोष्ट इतिहासकाराने तरी विसरता कामा नये.

येथे बूंटलिंगकडे वळावयास हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बूनव्हिलच्या परिसरात एक खास बोली घडली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत ती भरात होती. वाक्यरचना इंग्रजीचीच, परंतु हजाराहून अधिक शब्द व पदबंध असे, की शेजारच्या युकायाच्या माणसालाही त्यांचा उलगडा होऊ नये. १९६४ मध्ये लिनवुड करँको व विल्मा रॉल्स सिमन्स यांनी तिच्यावर लेख लिहिला. १९६६ मध्ये मर्टल रॉल्स यांनी लोकसाहित्याच्या अंगाने तिची ओळख करून दिली. १९७१ मध्ये चार्ल्स अ‍ॅडम्स यांचा शब्दसंग्रहासहित ग्रंथ प्रसिद्ध झाला व तोच आजवर प्रमाण मानला जातो. ज्या दशकात नवे मळे लागले त्याच दशकात जुनी बोली अभ्यासकांच्या वहीत उतरली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आपल्याकडील व्यापाऱ्यांची नंदभाषा ही भावाची बोलणी गिऱ्हाइकाला कळू नयेत म्हणून संख्यावाचकांपुरती बेतलेली होती. बूंटलिंगला असा एकच हेतू नव्हता. परक्यापासून लपविणे, लहान मुलांसमोर बोलणे, असभ्य विषय सभ्यपणे काढणे आणि, मला वाटते सर्वांत अधिक, एकमेकांना हसविणे, हे सारे तिच्यात मिसळलेले आहे. मेंढीला ‘ब्रेगो’ म्हणत. तो स्पॅनिश ‘बोरेगो’चा अवशेष. हरणाला ‘बोशे’, तो मूळच्या पोमो लोकांकडून आलेला. ‘हार्प’ म्हणजे बोलणे, ‘पाइक’ म्हणजे प्रवास करणे, ‘बाल’ म्हणजे चांगले. ‘हॉर्न’ म्हणजे पेला, आणि त्यावरून पिणेही. ‘बाल हॉर्निन’ म्हणजे उत्तम पेयपान.

परंतु या शब्दसंग्रहाचे खरे वैशिष्ट्य विशेषनामांपासून घडलेल्या सामान्यनामांत आहे. कॉफीला ‘झीस’ म्हणत, कारण झी. सी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एक गृहस्थ भलतीच कडक कॉफी उकळीत असे. दूरध्वनी म्हणजे ‘वॉल्टर’, कारण वॉल्टर लेव्ही याच्याकडे तो प्रथम आला. मोठ्या आगीला ‘जेफर’ म्हणत; जेफ व्हेस्टल नावाचा इसम नेहमी मोठा जाळ करीत असे. मराठीतही विशेषनामे सामान्य होतात. आपण झोपाळू माणसाला कुंभकर्ण, दात्याला कर्ण आणि भांडणे लावणाऱ्याला कळीचा नारद म्हणतो. मात्र ही नावे पुराणांतून येतात व पुराणे सर्वांच्या ओळखीची असतात. बूनव्हिलकरांनी पुराणाचे काम शेजाऱ्यांकडून करून घेतले. सगळे सगळ्यांना ओळखतात अशा वस्तीतच अशी शब्दघडण शक्य असते.

याच वर्गात ‘फ्रॅटी’ हा शब्द येतो. फ्रॅटी म्हणजे द्राक्षमद्य. खोऱ्यातील एका द्राक्षमळेवाल्याच्या फ्राती या आडनावावरून तो आला. आडनाव इटालियन घाटाचे आहे. शब्दकोशातील ही एका ओळीची नोंद मद्याच्या रूढ इतिहासाने फारशी विचारात घेतलेली नाही. माझ्या मते तिचे मोल एखाद्या करारपत्राइतके आहे.

एखाद्याचे आडनाव वस्तूचे नाव व्हावयाचे तर काही गोष्टी आधी जुळून याव्या लागतात. ती वस्तू समाजात नेहमीच्या वापरात असावी लागते, कारण क्वचित मिळणाऱ्या वस्तूस टोपणनावाची गरज भासत नाही. त्या माणसाचा त्या वस्तूशी असलेला संबंध सर्वांना ठाऊक असावा लागतो. आणखी एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. त्या वस्तूचे प्रसिद्ध उत्पादक पुष्कळ असते, तर एकाच्या नावाने काम भागले नसते. म्हणजे ‘फ्रॅटी’ हा शब्द खोऱ्यात मद्य होते एवढेच सांगत नाही. ते स्थानिक होते, ते लोकांच्या बोलण्यात होते, आणि ते थोड्या हातांत होते, हेही सांगतो. तुलनेसाठी बिअरचा शब्द पाहावा. तो ‘स्टाइनबर’ असा आहे व त्याच्या मुळाशी पेल्याचे जर्मन नाव आहे, कोणी शेजारी नाही. बिअरला बाहेरची ओळख चिकटलेली राहिली. मद्याला गावातल्या माणसाची.

यावर एक आक्षेप संभवतो. बूंटलिंगचे शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वृद्ध भाषकांच्या तोंडून टिपले गेले. तेव्हा प्रत्येक शब्दाचा जन्मकाळ निश्चित धरता येत नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु बोलीची जननशक्ती पहिल्या महायुद्धानंतर ओसरू लागली होती. तरुण बाहेर गेले, रस्ते सुधारले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लाकूड गिरण्यांच्या भरभराटीबरोबर परगावचे मजूर मोठ्या संख्येने आले. अशा स्थितीत शेजाऱ्याच्या आडनावाला शब्दाचा दर्जा देणारी आणि तो शब्द खोरेभर रुळविणारी मंडळी १९६४ नंतर उरली होती, असे मानणे कठीण आहे. शिवाय भूमीचा पुरावाही शब्दाच्या बाजूने उभा राहतो. खोरे आणि समुद्र यांच्यामधील डोंगरमाथ्यांवर इटालियन कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या आरंभी द्राक्षे लावली होती. ग्रीनवुड कड्यावरील झिनफँडेलचा एक मळा १९१६ सालचा मानला जातो. १९९७ मध्ये धुक्याच्या वर, १,२०० फुटांपेक्षा उंच असलेल्या या माथ्यांना ‘मेंडोसिनो रिज’ हा वेगळा मद्यप्रदेश म्हणून मान्यता मिळाली तेव्हा त्याच्या मुळाशी ही जुनी लागवड होती.

१९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळाचाही येथे विचार केला पाहिजे. कुटुंबाला घरगुती वापरासाठी वर्षाला २०० गॅलनपर्यंत फळांचा रस करण्याची मुभा होती, आणि तो रस पिंपात आंबला तर त्याची चौकशी करण्यास डोंगरात कोण जाणार? अशा काळात मद्याला मद्य न म्हणता शेजाऱ्याच्या नावाने हाक मारण्याची सोय किती उपयोगी पडली असेल, याची कल्पना मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा काळ ज्यांनी ऐकून तरी जाणला आहे त्यांना सहज येईल. आपल्याकडे त्या वेळी ‘हातभट्टी’ हे क्रियेचे नाव पेयाला मिळाले आणि मुंबईत चोरट्या गुत्त्याची मालकीण सरसकट ‘आंटी’ झाली. शहराने नाते सामान्य केले, खोऱ्याने आडनाव. ‘फ्रॅटी’ शब्द दारूबंदीने जन्मास घातला असे मी म्हणत नाही. तो रुजविण्यास तिचे साहाय्य झाले असावे, इतकेच अनुमान आहे.

किनाऱ्याविषयी बूंटलिंगचा शब्द ‘ब्रायनी’ हा आहे. इंग्रजी खलाश्यांच्या बोलीतही खाऱ्या समुद्राला हेच म्हणत. म्हणून येथे नवनिर्मिती नाही, उसनवारी आहे. परंतु तो ‘पाइक’बरोबर वापरला जाई, यावरून समुद्राकडे जाणे ही वस्तीच्या जीवनातील ठरलेली गोष्ट होती, असे दिसते. त्या काळी किनाऱ्यावर विसावा नव्हता, गिरण्या होत्या. मेंडोसिनो हे १८५० च्या दशकात लाकडावर वसलेले गाव. त्याच्या आरंभीच्या वसाहतकारांत मेन व न्यू इंग्लंडकडील लोक बरेच असल्याने घरेही तिकडच्या घाटाची झाली. ती इतकी हुबेहूब की १९८४ ते १९९६ या काळात चाललेल्या एका प्रसिद्ध अमेरिकन दूरचित्रमालिकेत मेन राज्यातील गाव म्हणून बाहेरची दृश्ये मेंडोसिनोचीच दाखविली गेली. लाकडाचा धंदा ओसरल्यावर घरे राहिली आणि घरांची विश्रामगृहे झाली. लिटल रिव्हर येथील सायलस कूम्ब्ज याचे १८५३ चे घर १९३९ मध्ये ‘इन’ झाले. १८७७ चे एक शेतघर १९४९ मध्ये ‘हेरिटेज हाउस’ या नावाने पाहुण्यांना खुले झाले. १८८२ मध्ये लेकीच्या लग्नाची भेट म्हणून बांधलेले मॅकॅलम यांचे घर १९७४ मध्ये त्याच वाटेने गेले. १९५९ मध्ये तेथे स्थापन झालेल्या कलाकेंद्राने चित्रकारांना आणले, आणि चित्रकारांच्या मागोमाग शहरी पाहुणा आला. म्हणजे किनाऱ्यावरील पाहुणचाराचा धंदा खोऱ्यातील मान्यताप्राप्त मद्याहून पंचवीस-तीस वर्षांनी जुना आहे. मद्यशालांना गिऱ्हाईक शोधण्यास फार लांब जावे लागले नाही. ते त्यांच्या दारावरूनच समुद्राकडे जात होते.

या गिऱ्हाइकालाही बूंटलिंगमध्ये शब्द आहे : ‘ब्राइट लायटर’. ज्याच्या गावी झगझगीत दिवे आहेत तो, अर्थात शहरी, उपरा. शब्दात द्वेष नाही, पण अंतर आहे. ज्याला आपले बोलणे कळू नये असा जो, त्याचे हे नाव. बोलीच्या सबंध रचनेचा कणा हा एक शब्द आहे असे म्हटले तरी चालेल, कारण ज्याच्यापासून लपवावयाचे तोच नसेल तर लपविण्यात गंमत ती काय?

१९७० नंतर या संबंधाची दिशा उलटली. खोऱ्याचा चरितार्थ उत्तरोत्तर ब्राइट लायटरवर अवलंबू लागला, आणि त्याला कळू नये म्हणून घडविलेले शब्द त्याला आकर्षून घेण्यासाठी वापरले जाऊ लागले. १९८७ मध्ये बूनव्हिल येथे स्थापन झालेल्या बिअरच्या कारखान्याने आपले ब्रीद ‘बाल हॉर्निन’ असे ठेवले आणि ‘बूंट’ व ‘ऑटिन’ (कष्ट करणे) ही पदे बाटल्यांवर आणली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे महत्त्वाची घटना घडली आहे. हे शब्द आता वाक्यात येत नाहीत; ते वेष्टनावर येतात. त्यांना विभक्ती लागत नाही, काळ लागत नाही, उत्तर मिळत नाही. सामान्यनामे पुन्हा विशेषनामे झाली आहेत. ज्या मार्गाने श्री. फ्राती भाषेत शिरले, नेमक्या उलट मार्गाने बोली बाहेर पडत आहे.

तिच्या जतनासाठी होणाऱ्या प्रयत्नांत या वेष्टनांचा हातभार लागतो, असे पुष्कळांचे मत आहे. मला ते पटत नाही. बाटलीवरील शब्द वाचणाऱ्याला त्याचा अर्थ समजतो, परंतु झी. सी.ची कॉफी ज्याने प्यायली नाही त्याच्यापुरता ‘झीस’ हा केवळ ध्वनी राहतो. जतन करावयाचे ते शब्द आणि माणूस यांमधील नाते. त्यासाठी मद्यशालेपेक्षा काउंटीच्या जमीनखात्यांची दप्तरे अधिक उपयोगी पडतील. जमिनीच्या मालकीची नोंद, कराची नोंद, दारूबंदीतील खटले यांतून फ्रातींचा मळा नेमका कोठे होता हे शोधण्याचे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाला पुरेल एवढे आहे.

दरम्यान खोऱ्यातील एका मद्यशालेने आपल्या पांढऱ्या मद्याचे नाव ‘ब्राइटलायटर’ असे ठेवले. ते बहुतांशी ब्राइट लायटरच विकत घेतात.