परप्रांतीचे मराठी बालपुस्तक

जबलपुरास मराठी माणूस नवा नाही. गढा-मंडळ्याचा मुलूख १७८१ साली सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात आला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७-१८ च्या युद्धात इंग्रजांच्या हाती पडला. १८७० मध्ये मुंबईहून आलेला लोहमार्ग येथेच अलाहाबादच्या मार्गास मिळाला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय या नगरीत स्थापन झाले. पण त्याच दिवशी नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, आणि जुन्या मध्य प्रदेशात हिंदीच्या जोडीने राजभाषा असलेली मराठी येथे केवळ घरची भाषा उरली.

त्या घरातील मूल मराठी बोलते, परंतु वाचताना अडखळते. त्याच्यासाठी कचेरीचे काम आटोपल्यावर कोणी चार गोष्टी लिहितो, वही भरते, आणि प्रश्न पडतो : हे पुस्तक छापावे कोठे व कसे? मुंबई-पुण्याच्या प्रकाशकास आपण अपरिचित, आणि स्वतः छापावे तर ग्राहक कोठून आणावा? हा पेच आमच्या बालवाङ्मयाइतकाच जुना आहे. त्यातून पूर्वसूरींनी काढलेल्या वाटा पाहणे म्हणूनच आम्हांस उद्बोधक वाटते.

पहिली वाट आश्रयाची. मराठी मुलांसाठी छापलेले अगदी आरंभीचे पुस्तक पुण्यात वा मुंबईत निघाले नाही, ते निघाले दूर तंजावरात, ही गोष्ट परप्रांतस्थांनी विसरू नये. सरफोजी राजांनी इसापाच्या कथांचे मराठी रूपांतर सख्खन पंडितांकडून करवून घेतले, ते ‘बालबोधमुक्तावली’. त्यानंतर बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरीच्या आश्रयाने वैजनाथ पंडितांची ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ मध्ये छापली गेली. मुंबईत १८२२ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या शाळापुस्तक मंडळीने हेच कार्य हाती घेतले. तिच्या सेवेत असलेल्या सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी बर्क्विन या फ्रेंच लेखकाच्या बालकथा इंग्रजीवरून मराठीत आणून १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ सिद्ध केले. या वाटेवर लेखकास छपाईच्या खर्चाची चिंता नव्हती. मात्र काय छापावे हे आश्रयदाता ठरवी. म्हणूनच हा बराचसा संसार भाषांतराचा आणि नीतिबोधाचा राहिला. मुलास काय रुचते, हे मुलास कोणी विचारले नाही.

ते विचारण्याची सोय मासिकाने केली. विनायक कोंडदेव ओक हे शिक्षणखात्यातील अधिकारी. त्यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ सुरू केले आणि १९१४ मध्ये निधन होईपर्यंत ते चालविले. निर्णयसागर छापखान्यासारखे दर्जेदार मुद्रण त्यास लाभले. सरकारी सेवेतील माणूस मुलांसाठी किती सातत्याने लिहू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्यात ‘आनंद’ काढला, आणि त्यानंतर सुमारे दोन दशकांनी नागपुरात ‘मुलांचे मासिक’ निघाले. जबलपूर तेव्हा त्याच मध्य प्रांतात होते. मासिकाचे खरे सामर्थ्य टपालात होते. पुस्तकाचे दुकान नसलेल्या गावीही वर्गणीदाराच्या दारी अंक पोहोचे, आणि गोष्ट आवडली की नाही हे महिन्याभरात कळे.

तिसरी वाट स्वतः प्रकाशक होण्याची. इंदुरात १९१० साली जन्मलेले भा. रा. भागवत यांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ हे स्वतःचे मासिक काढले. छत्र्यांच्या पुस्तकाचे नाव सव्वाशे वर्षांनी पुन्हा मुलांच्या हाती आले. पत्नी लीलावती भागवत यांची त्यांना साथ होती, तरीही मासिक काही वर्षेच टिकले. लेखणी उत्तम असली म्हणजे हिशेबाची वही आपोआप जुळते असे नाही. मात्र भागवतांचे लेखन मासिकाबरोबर थांबले नाही. त्यांचा ‘फास्टर फेणे’ पुढे घरोघरी पोहोचला.

आज या वाटा बुजलेल्या नाहीत, केवळ त्यांची रूपे पालटली आहेत. आश्रयाच्या जागी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे नवलेखकांसाठीचे अनुदान आले, त्यात बालवाङ्मयासही स्थान आहे. स्वतः छापणे यंत्राच्या प्रगतीमुळे सुलभ झाले असून शंभर प्रती काढणेही आता शक्य आहे. प्रकाशकाशी करार करताना मात्र कायदा ठाऊक असावा. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिले नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ती मुदत पाच वर्षांची मानली जाते. तेव्हा एकरकमी मोबदल्यासाठी सर्व हक्क कायमचे लिहून देण्याची घाई नवलेखकाने करू नये.

आमचे मत विचाराल तर परप्रांतातील नवलेखकाने ओकांची वाट प्रथम धरावी. आधी गोष्टी एकेक करून मासिकांत पाठवाव्यात, आपल्या गावच्या महाराष्ट्र मंडळात मुलांना वाचून दाखवाव्यात आणि मूल कोठे हसते, कोठे कंटाळते, हे पाहून मग पुस्तक बांधावे. ग्राहक विखुरलेला असता दुकानापेक्षा वर्गणीदारांची यादी अधिक उपयोगी पडते. नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर, रायपूर येथील मराठी घरांची अशी यादी हाती असली, तर दोन-तीनशे प्रती खपणे अशक्य नाही. तितक्या प्रतींनी प्रकाशक श्रीमंत होणार नाही. पण येथील मराठी आता शाळा वा कचेरी राखणार नाही, ती राखायची तर घरातील वाचनानेच. तंजावरच्या राजाने ज्या मुलांसाठी इसाप मराठीत आणविला, तीही महाराष्ट्रापासून फार दूरच वाढत होती.